आय-सेव्हन कोणत्या सालचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वेगवान कॉम्प्युटर कसा घ्यावा यावर एक टिपण आलं होतं. त्यात एक ओळ ठळक अक्षरांत छापली होती : वेग हवा असेल तर किमान आय-सेव्हन घ्या. आय-सेव्हन म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचा, प्रोसेसरचा, इंटेल कंपनीचा एक प्रकार. ती ओळ वाचून मी हातातला कप खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. दुकानात जाऊन आय-सेव्हन मागितला, आय-सेव्हनच मिळाला, आणि फसले.

मी ६३ वर्षांची, इंदूरच्या रामबागेत राहते. ३१ वर्षं विजेच्या कचेरीत लेखा विभागात दुसऱ्यांची बिलं तपासली. एखाद्या ठेकेदाराने ‘किरकोळ साहित्य, १ नग’ असं लिहून पाठवलं की त्याचं बिल मी आल्या पावली परत करायची. अशा बाईने स्वतःच्या पैशाच्या वस्तूला कसलं बिल घेतलं? ‘कॉम्प्युटर सेट (आय-सेव्हन), १ नग, २९,५०० रु.’ बस्स, एवढंच. वर घरी येऊन ते नीट फाइलला लावलं.

कॉम्प्युटर मला हवा होता तो आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांसाठी. गणेशोत्सवातली नाट्यगीतं, कोजागरीच्या कविता, रामनवमीचं कीर्तन हे सगळं मी मोबाइलवर टिपते. मग मधलं खोकणं, ‘माइक सुरू आहे ना?’, पहिल्या रांगेतल्या काकूंची चकली, एवढं कापून नीट जोडते आणि परगावी असलेल्या लेकी-सुनांना पाठवते. मान न वाकवता मोठ्या पडद्यावर करायचं काम, म्हणून लॅपटॉपचा विचारच केला नाही.

दुकान घराजवळचंच. नाव लिहीत नाही. मुलगा गोड बोलणारा. ‘‘आंटीजी, आय-सेवन है, सोला जीबी रैम, एकदम मक्खन चलेगा.’’ पत्रं लिहिणं, फोटो बघणं यांना मक्खन चाललाही. पण मोबाइलवरचा व्हिडिओ उघडला की चित्र अडखळायचं. गाणारीचा आवाज पुढे आणि ओठ मागे. वीस-बावीस मिनिटांचा कार्यक्रम जोडून पक्का करायला रात्री लावला तर सकाळी पोहे होईपर्यंत पट्टी सरकतच असायची.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, ‘‘मावशी, नुसतं आय-सेव्हन नको सांगूस, पुढचा आकडा वाच.’’ वाचला. ३७७०. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘अगं, हा २०१२चा आहे.’’

२०१२ साली माझ्या लेकीचं लग्न झालं. जावयांच्या डोक्यावर तेव्हा भरपूर केस होते.

हिशेब अगदी सोपा आहे आणि तो त्या टिपणात यायला हवा होता. इंटेलच्या अशा नंबरातले शेवटचे तीन आकडे झाकले की पुढे उरते ती पिढी. ३७७० म्हणजे तिसरी, १२४०० म्हणजे बारावी. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे त्या-त्या पिढीच्या घरातले धाकटे-थोरले. पणजोबांच्या पिढीतला थोरला आजच्या धाकट्याशी कुस्ती खेळायला गेला तर काय होणार? आपण माळव्यात वर्षाचा गहू भरतो, तेव्हा नुसतं ‘शरबती’ ऐकून कोणी पोतं उचलत नाही. पोतं उघडतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली चावून बघतो, यंदाचा की गेल्या सालचा ते विचारतो. २९,५०० रुपयांच्या वस्तूला मी तेवढंही केलं नाही.

व्हिडिओ का अडखळायचा तेही मग कळलं. आजचे बरेच मोबाइल ४के, म्हणजे खूप बारकाव्यांचं, चित्रण एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने घडी घालून साठवतात, नाहीतर एवढ्या मोठ्या फाइली मावणार कुठे? ही पद्धत प्रमाण म्हणून ठरलीच २०१३ साली. २०१२च्या चिपमध्ये ती घडी उलगडणारं वेगळं सर्किट असणार कुठून? मग सगळं ओझं प्रोसेसरच्या चार कोअरवर, म्हणजे आतल्या काम करणाऱ्या चार भागांवर. तो बिचारा धापा टाकत ओढत होता. सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड दिसायला कोरा करकरीत, पण त्यावरचा एच-६१ चिपसेट, म्हणजे भागांना एकमेकांशी जोडणारी चिप, २०११चा. विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला चालत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. ती अट बगल देऊन ओलांडलेली होती. बरं, विंडोज १० ठेवावं तर त्याचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला बंद केला.

मी दुकानात गेले. मुलगा जराही वरमला नाही. ‘‘आपने आय-सेवन बोला था, आय-सेवन दिया. इसमें झूठ क्या है?’’ खरंच, खोटं काहीच नव्हतं. बिलावर पिढी नाही, बोर्डाचं नाव नाही, सिरीयल नंबर नाही. कागद त्याच्या बाजूने होता, आणि कागद काय असतो ते मला कोणी शिकवायला नको.

त्यानंतर गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात मी ठरवलं की भाग सुटे आणायचे, प्रत्येकाचं नाव स्वतः लिहून घ्यायचं आणि घरीच जोडायचे. यजमान म्हणाले, ‘‘तुला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही.’’ येतं. त्या दिवशी रबर निघालं होतं.

रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दोन दुपारी घालवल्या. तिथे एका माळ्यावर इतकी दुकानं की एकाने भाव सांगितला की चार पावलांवर दुसऱ्याला विचारता येतो. भाचा फोनवर. यादी अशी झाली : आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर १२,६००, बी-७६० बोर्ड १०,४००, रॅम (काम चालू असतानाची स्मरणशक्ती) १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या ५,८००, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान पट्टी) ५,४००, ५५० वॉटचा एसएमपीएस (त्याबद्दल पुढे सांगते) ४,३००, जाळीदार कॅबिनेट ३,२००. एकूण ४१,७००, १८ टक्के जीएसटी धरून. मॉनिटर जुनाच ठेवला. आय-सेव्हन नाही, आय-फाइव्ह बरं का.

एका दुकानात फसता फसता वाचले. मी १२४०० मागितला आणि काउंटरवरच्याने डबा ठेवला १२४००एफ. ‘‘वही है आंटी, अठराह सौ कम में.’’ मी पैसे काढतच होते, तेवढ्यात फोनमधून भाचा ओरडला, ‘‘एफ नको, मावशी!’’ एफ लागलेल्या प्रोसेसरात चित्र दाखवणारा भागच चालू नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलं नाही तर पडदा काळाच. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्या खेळकरी पोरांना एफ उत्तम. मला कार्ड घ्यायचंच नव्हतं, आणि शिवाय ती एचईव्हीसीची घडी उलगडणारं सर्किटही त्याच चित्राच्या भागात असतं. म्हणजे अठराशे वाचवून मी पुन्हा होते तिथेच आले असते. एका अक्षराचा फरक.

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन बाकीच्या भागांना पुरवणारा डबा. त्याबद्दल टिपणात एक शब्द नव्हता, म्हणून मी जरा लांबण लावते. जुन्या कॅबिनेटमधला डबा काढला, त्यावर ४५० वॉट छापलेलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ७४० ग्रॅम. नवा ५५० वॉटचा, १ किलो ७०० ग्रॅम. वजन म्हणजे काही पुरावा नव्हे, पण आतलं तांबं, कॉइल, उष्णता शोषणारं ॲल्युमिनियम, हे सगळं असेल तर वजनात दिसणारच. नव्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ची खूण आहे. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांहून जास्त पुढे पोचते, उरलेली तेवढी उष्णता होऊन जाते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या डब्यावर असलं काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आणि हा डबा बिघडला तर एकटा मरत नाही, शेजारच्यांना घेऊन जातो.

याच डब्यापायी मला घरातली एक जुनी भानगड सापडली. आधीच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला अनवाणी उभं राहून हात लावला की बोटांत मुंग्या यायच्या. मी वयाला दोष देत होते. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा पेटला. आमचं घर जुनं. भिंतीतल्या तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं, त्याच्या मागे तारच नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा मधला जोड कॅबिनेटला आणि तिथून अर्थिंगला जातो. अर्थिंग असेल तर ते थोडंसं गळणं मुकाट जमिनीत जातं. नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्यावर लटकत राहतं. प्रवाह अगदी किरकोळ, माणूस मरत नाही, पण जोडलेल्या वस्तूंना ते मानवत नाही. ३१ वर्षं विजेच्या कचेरीत काढून माझ्याच घरात अर्थिंग नव्हतं! आधी अर्थिंगची तार ओढून घेतली, मग नव्या कॉम्प्युटरचे डबे फोडले. पुरवणीत एकच सल्ला छापायचा झाला तर मी आय-सेव्हनच्या जागी हा छापीन.

जोडणी जेवणाच्या टेबलावर, सुती चादर अंथरून. बाहेर ४२ अंश, हवा खडखडीत कोरडी. अशा हवेत अंगावर वीज साचते आणि न दिसणारी ठिणगी चिप जाळू शकते, म्हणून भाचा दर पाच मिनिटांनी, ‘‘मावशी, आधी लोखंडाला हात.’’ कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असता तर काम सोपं झालं असतं.

बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये १७०० पिना असतात, बघितल्या तर सोनेरी मखमल वाटते. प्रोसेसर दाबायचा नाही, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, बाळाला पाळण्यात ठेवतात तसा. मग दांडी ओढायची. आता हे कोणी सांगत नाही : दांडीला चांगलाच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. बारा हजार सहाशे गेले असं वाटून मी डोळे मिटून घेतले. काळं झाकण टण्कन उडून वरणाच्या पातेल्याजवळ पडलं. असंच व्हायचं असतं म्हणे.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवताना मला भोकं जुळतील का याची धास्ती होती, कारण बोर्ड एका कंपनीचं, कॅबिनेट दुसऱ्या. झटकन जुळली. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, कोणता स्क्रू कुठे ते. ही दुनिया अजून त्याच मापावर चालते, छोटी बोर्डंही त्यातूनच निघाली. त्याच्याही आधी, १९८१ सालच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तोही बाजारात मिळणारे भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा, तो चालवणारी प्रणाली, डॉस, मायक्रोसॉफ्टची. फ्लॉरिडातल्या एका छोट्या गटाने तो वर्षभरात उभा केला, कारण सगळं घरी बनवत बसायला वेळ नव्हता. तेव्हा ‘असेंबल्ड’ हा शब्द आमच्याकडे जरा नाक मुरडून उच्चारतात, त्याला काही अर्थ नाही. थोरल्या घराण्याचा मूळ पुरुषच असेंबल्ड.

रॅमच्या चार खाचा होत्या. मी शहाणपणाने पहिल्या दोन भरल्या. भाचा म्हणाला, दुसरी आणि चौथी. दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाटांनी वाचता याव्यात म्हणून. माझ्यासारखं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं कामही याच रॅममधून होतं, म्हणून एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान बऱ्या.

चूक केली ती पंख्यात. इंटेलच्या डब्यातला पंखा चार पायांवर बसतो, प्रत्येक पाय दाबला की ‘टक्’ वाजतो. माझे तीन वाजले. चौथा वाजला असं मी समजून चालले. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर अक्षरं आली, यजमानांनी पेढे आणले, सगळं झालं. पण व्हिडिओ जोडायला घेतला तर दोन मिनिटांत पंखा चक्कीसारखा ओरडू लागला आणि वेग जुन्याच्या वळणावर गेला. तापमान १०० अंश. तेवढं चढलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच पाय ओढायला लागतो. मी सगळ्यात आधी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या, सवयीने. मग कॅबिनेटचं मागचं झाकण काढून बॅटरी मारली. तीन पाय बोर्डाच्या पलीकडे उमलून बसलेले, चौथा मिटलेलाच. अंगठ्याने दाबला. टक्. पुन्हा लावलं तर ६८ अंश.

अजून एक गोष्ट जाता जाता. रॅमच्या डब्यावर तिचा वेग ३२०० लिहिलेला आणि कॉम्प्युटर दाखवत होता २६६६. बिघाड नव्हे. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाचं बटण स्वतः चालू करावं लागतं. माझ्या ओळखीच्या तिघांच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन मी बघितलं, तिघांचं बंद. पैसे ३२००चे दिले, वापर २६६६चा.

आता तोच बावीस मिनिटांचा कार्यक्रम नऊ मिनिटांत होतो. स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून मोजलं आहे. फाइली उघडतात त्या एसएसडीमुळे. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते आणि बारीकसारीक फाइलींसाठी तिचा हात इकडून तिकडे धावत राहतो. ही एसएसडीची पट्टी पाच हजारांपर्यंत जाते आणि हिला हातच नाही.

मे महिन्यातच भाग घेतले ते बरंच झालं म्हणायचं. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे उसळले की शेजारच्या जोशीकाकूंच्या नातवाने डिसेंबरात याच पट्ट्या विचारल्या तर दुपटीच्या वर सांगितलं. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला, त्याचा चटका इथे सिल्व्हर मॉलपर्यंत. त्या नातवाला मी सांगितलं की आत्ता एकच १६ची पट्टी घे, दुसरी खाच मोकळी ठेव, भाव उतरले की भर. सुटे भाग घेण्याचा हा फायदा दुकानदाराच्या ‘सेट’मध्ये कुठून मिळणार?

संपादक महाशय, तक्रार अशी नाही की टिपण चुकीचं होतं. अर्धवट होतं. दुकानातला मुलगा बोलला तसंच : खोटं काही नाही. पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा कृपा करून पूर्ण नंबर आणि साल छापा, आणि वाचकांना सांगा की बिलात एका ओळीत एकच भाग असावा. कंपनी, पूर्ण मॉडेल, सिरीयल नंबर, वॉरंटी किती. माझ्या नव्या बिलावर सहा ओळी आहेत. प्रोसेसरला तीन वर्षं, एसएसडीला पाच. एका दुकानदाराने ‘‘इतना कौन लिखता है, आंटीजी’’ म्हणत पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, ‘‘भिया, आप बोलो, मैं लिखती हूँ.’’ आणि त्याच्याच बिलबुकावर मी लिहिलं, त्याने सही केली.

जुना आय-सेव्हन टाकून दिलेला नाही. त्याचा तरी काय दोष? त्याच्यात एक साधी साटा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, एसएसडी बसवली. त्या बोर्डावर ती अर्ध्याच वेगाने पळते, तरी हार्ड डिस्कपुढे हरीणच. एसएमपीएस बदलला, विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, आणि आता तो मंडळाच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करतो. तिथल्या भिंतीतलं अर्थिंग मी आधी तपासून घेतलं.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये ही विनंती. तो दुकानदार रोज सकाळी दुधाच्या रांगेत माझ्या पुढे असतो.

आपली,
एक निवृत्त लेखापाल
रामबाग, इंदूर